पिन्योनची जागा

वडिलांना मूठमाती देऊन नऊ दिवस झाले होते. एलोइसाच्या दारात त्यानंतर आलेलं पहिलं माणूस आरोग्य खात्याचं होतं. नेस्तोर आर्चुलेटा सकाळपासून अंगणातल्या बिळांवरून पांढरं फ्लॅनेल ओढत होता. वडील ज्या प्लेगनं गेले, त्याच्या पिसवा या कापडाला चिकटतात.

"इथं काही नाही," तो म्हणाला. "त्यांना प्लेग दुसरीकडेच लागलाय. शेवटी कुठं गेले होते?"

"रानात."

"रान मोठं आहे, पोरी."

तिला जागा माहीत होती. पिन्योनच्या, म्हणजे इथल्या बुटक्या पाइनच्या, गोड बिया झाडाखाली वाकून वेचणं जमेनासं झालं, की इथली म्हातारी माणसं रानउंदरांच्या घरट्यात हात घालतात. आयत्या साठवलेल्या असतात. आपलं घरटं मात्र कुणी कुणाला सांगत नाही. वडिलांनी ते फक्त तिला दाखवलं होतं. यंदा ते तिथं गेले, कारण तिनं शहरातून फोनवर म्हटलं होतं, पिन्योन खाऊन किती वर्षं झाली. पुढं जांघेत गाठ आली, तेव्हा सरपण फोडताना शीर भरली असेल म्हणाले. तिलाही ते पटलं होतं.

जागा सांगायची तर ते फोनवरचंही सांगावं लागणार होतं.

कुंपणापलीकडून शेजारचे क्लेओफास ओरडले, "काय रे नेस्तोर, चादरी धुवायची नोकरी लागली का?" मग तिच्याकडे वळून, "तुझ्या बापानं मरेपर्यंत जागा सांगितली नाही बघ. महाचिकट! उद्या नातीला घेऊन मीच हुडकतो."

"जाऊ नका, काका."

"का? वाटणी हवी का?"

"ते तिथंच गेले होते," ती म्हणाली. "चला नेस्तोर, दाखवते."

ओढ्याच्या वरच्या अंगाला, वीज पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी घरटं होतं. नेस्तोरनं तिला लांब उभं केलं, हातमोजे चढवले. दोन उंदीर मेलेले निघाले. ते त्यानं पिशवीत बांधले, भुकटी मारली, धोक्याची पाटी ठोकली. मग कागद काढला.

"इथं कशासाठी आले होते?"

"मी मागितल्या होत्या. बिया."

त्यानं लिहिलं. ती बघत राहिली.

"काय लिहिलंत?"

"बिया गोळा करण्यासाठी."

"आणि मी मागितल्या, ते?"

"त्याला रकाना नाही, पोरी." त्यानं कागदाची घडी घातली आणि तो गाडीकडे चालू लागला.