बावीसशे केव्ही

बावीस केव्हीच्या एकाच तारेवर बसलेल्या बगळ्याला काही होत नाही.

मिठागराच्या दारांना खिळे मारत नाहीत, लाकडी खुंट्या ठोकतात. लोखंड तिथे एक पावसाळासुद्धा टिकत नाही.

व्याही जेवायला आले की दयारामची बायको सगुणाबाई बोंबील करत नाही. कोलंबी आणते.

दयारामचा चष्मा टीव्हीवर राहिला होता.

आता हे जुळवून सांगायचं तर होडीपासून सुरुवात करावी लागेल.

होडी

अडीच फुटी. दयारामचा बाप मिठागरातून मीठ भरून खाडीतून मचवा न्यायचा, त्या मचव्याची हुबेहूब नक्कल. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर दयारामने दोन वर्षं खपून ती फणसाच्या फळीतून, मिठागरातल्यासारख्या लाकडी खुंट्या ठोकून घडवली आणि रिमोटवर चालवली. रविवारी सकाळी गावच्या तळ्यावर पाच-सहा जण आपापल्या होड्या घेऊन जमायचे. त्यांत दयारामची सगळ्यांत देखणी, आणि सगळ्यांत मंद. आत जुन्या खेळण्यातली मोटार होती. कार्बन झिजले की ती तळ्याच्या मधोमध खोकायची, आणि दयाराम लेंगा वर खोचून पाण्यात उतरायचा.

"बिनकार्बनची टाका, भाऊ. ब्रशलेस," सगळे सांगायचे.

"विजेचं मला शिकवता?" दयाराम म्हणायचा.

२२००

साठीच्या दिवशी कल्पिताने, त्याच्या सुनेने, एक खोकं त्याच्या हातात ठेवलं. तिचे वडील सदाशेठ पंगतीला होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला, मोकळ्या मनाचा माणूस. आल्या आल्या ते म्हणाले होते, "व्याहीबुवा, पोरीनं आठ दिस मोबाइलवर बघून मोटार निवडलीय. होडी पिठाच्या काट्यावर मोजली, पंख्याचं माप वहीत लिवलं. लय हुशार हाय माझी पोर."

दयारामने खोकं लांब धरून वाचलं. मग हसायलाच लागला.

"अगं, बावीसशे केव्ही? आपल्या गावाला बावीस येते, बावीस! त्यात आख्खा गाव उजळतो. ही तळ्यात सोडलीस तर म्हावरं शिजून वर येल. कालवण करायचीबी गरज न्हाय!"

"मामा, ते केव्ही निराळं आहे. ते..."

"पस्तीस वर्षं खांबावर कोण व्हता? तू का मी?"

पंगत हसली. सदाशेठही हसले, पण जरा उशिरा. मुलीच्या सासरी हसावं लागतं तसं. मग ते ताटातल्या कोलंबीकडे बघत राहिले. कल्पिताने खोकं उचललं आणि भात वाढायला घेतला.

३८०

मोटार तर हवीच होती. पण जपून. दयारामने दुकानाची यादी सगळ्यांत लहान आकड्यापासून वाचत नेली. तीनशे ऐंशी. हा आकडा त्याला शहाणा वाटला. आली ती तळहाताएवढी, चपटी, रिमोटच्या विमानाला लावतात तसली. होडीत बसेना. मग त्याने पटाशी घेतली आणि स्वतः घडवलेल्या होडीची आतली एक फासळी कापून काढली.

रविवारी होडी पाण्यात सोडली. ती निघाली, म्हणजे निघालीच फक्त. मागून एक बदक आलं, होडीशेजारी क्षणभर रेंगाळलं आणि पुढे गेलं.

"दयारामभाऊ," त्या पाच-सहांतला चांगदेव काठावरून ओरडला, "होडी हाय का इसर्जनाचा पाट?"

दयाराम फोन घेऊन वडाखाली गेला आणि त्याने दुकानदाराला झापलं. तो पोरसवदा माणूस ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "काका, केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही हो. एका व्होल्टला मिनिटात किती फेरे, त्याचा आकडा आहे तो. तुमची बॅटरी अकरा व्होल्टची. तीनशे ऐंशीने गुणा, जेमतेम चार हजार फेरे. पंखा केवढासा तुमचा! रांगणारच ती. दोन हजारच्या आसपासची घ्यायला हवी होती." थांबून त्याने विचारलं, "विजेचं काम पहिल्यांदाच करताय का?"

दयारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती पंगत, ती कोलंबी, सदाशेठचं ते उशिरा आलेलं हसू, सगळं एकदम समोर उभं राहिलं.

"काय म्हनतोय दुकानवाला?" चांगदेवने विचारलं.

आणि दयाराम म्हणाला, स्वतःलाच ऐकू येईल इतकं स्पष्ट म्हणाला, "सुनेनं मागवलेली. तिला काय कळतंय त्यातलं?"

चांगदेव हसला नाही. तो दयारामच्या खांद्यावरून मागे बघत होता.

मागे कल्पिता उभी होती. स्कूटर घेऊन आली होती. हातात त्याचा चष्मा.

"व्हय, काका," ती चांगदेवला म्हणाली, "मीच मागवली. चुकलं माझं." आणि चष्मा दयारामच्या हातात दिला.

तिने भांडायला हवं होतं. दयारामला तेच सोसलं असतं.

०

घरी जाताना तो स्कूटरवर मागे बसला, ओली होडी मांडीवर घेऊन. लेंगा भिजत गेला. वाटेत ती एकदाच बोलली.

"मामा, गतिरोधक आहे. धरून बसा."

घरी पोचून होडी टेबलावर ठेवली आणि त्याने सदाशेठना फोन लावला. मुद्दाम स्पीकरवर. स्वयंपाकघरात कल्पिता पाट्यावर वाटण वाटत होती. तिला ऐकू जायला हवं होतं. त्याने सगळं सांगितलं. केव्हीचा अर्थ सांगितला, तीनशे ऐंशीची सांगितली, तळ्यावर काय खोटं बोललो तेही सांगितलं. "पोर बरोबर व्हती, सदाशेठ. तुमच्यासमोर मी तिला हसलो. तुमच्यासमोरच सांगतो, चुकी माझी."

मग सदाशेठ म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले, "एवढं मनाला लावू नका, व्याहीबुवा. पस्तीस वर्षं खांबावर काढलेला मानूस तुमी. जीव मुठीत धरून. एका अक्षराला चुकलात तं काय झालं? पोरीला म्या तवाच सांगितलं, त्यांच्यापुढं आपन गप बसायचं."

पाट्यावरचा आवाज थांबला.

दयारामने तोंड उघडलं. फोनकडे बघितलं.

"हां," तो म्हणाला. "ते हायच."

कल्पिता बाहेर आली. हात पुसून तिने कपाटातून खोकं काढलं, टेबलावर ठेवलं, शेजारी पेचकस ठेवला. होडीत वाकून बघितलं.

"फासळी कापलीत, मामा," ती म्हणाली. "आधी ती जोडावी लागेल."

दयाराम खांबावर चढत होता ते १९८७ ते १९९१. पुढची एकतीस वर्षं तो बिलांच्या टेबलावर होता.