परतीचा झोका

मी एक जुनी काच आहे. एका कोपऱ्यात तडा गेलेली, कडेला शाईचे डाग पडलेली. धुळ्याच्या एका चित्रशाळेत, खिडकीखालच्या लाकडी खोक्यावर मी बसवलेली आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यावर रंगाच्या वाट्या ठेवता, परवा तर कुणीतरी पेरूही कापला. कापा बापडे! पण एकदा वाकून बघा. मधोमध बारीक ओरखडे दिसतील. ते एका मुलीच्या पावलांच्या खुणांचे आहेत, आणि त्या मुलीला मी घरी येऊ दिलं नव्हतं.

आधी मी दोंडाईच्याला कापसाच्या एका जिनिंग गिरणीच्या खिडकीत होते. कपाशीची धूळ खाण्यात माझं बालपण गेलं. १९४७ साली ती खिडकी बदलली आणि शालिग्रामने मला भंगारातून उचललं. शालिग्राम हा घेवरचंद शेठच्या तंबू-सिनेमाचे फलक रंगवणारा. त्याला एकच वेड होतं, हाताने काढलेलं चित्र चाललं पाहिजे. आमच्या भागात तोवर असलं काही कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्याने मला खोक्यावर बसवलं आणि खाली तिरपा आरसा ठेवला. दाराशी ऊन आलं की आरसा ते माझ्यातून वर फेकायचा. कडेच्या दोन खिळ्यांत तो पातळ कागद अडकवायचा, त्यावर दुसरा. खालचं चित्र वर दिसायचं, ते केसभर सरकवून तो पुन्हा काढायचा. चोवीस कागद झाले की गठ्ठा शिवून अंगठ्याने भर्रकन सोडायचा, आणि कागदावरचा बैल चक्क मान हलवायचा! लोक तोंडात बोट घालत. मीही फुगून गेले, खोटं कशाला सांगू?

मग १९५१ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. शालिग्रामची धाकटी बहीण शेवंता यावलला दिलेली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात. पण मुराळी गेल्याशिवाय लेक निघत नाही. मुराळी म्हणजे न्यायला येणारा भाऊ; त्याने स्वतः जाऊन बहिणीला आणायचं, ही रीत. तानुबाईने, म्हणजे त्याच्या आईने, अंगणातल्या निंबाला झोका बांधूनही ठेवला होता. इकडे शालिग्राम शेठसाठी धावता बैल काढत बसलेला, आणि बैलाची चौथी टाप काही जुळेना.

"भाऊ, जाय ना रे. शेवंता वाट पाही ऱ्हायनी," तानुबाई दारातून म्हणाली.

"माय, आज ऊन चांगलं शे. टाप जुळी जाई. तिले कार्ड टाकस, दीरसंगे यी ती."

कार्ड गेलं. शेवंता आली नाही. बोचकं बांधून ती तीन दिवस ओट्यावर भावाची वाट बघत बसली होती म्हणे. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, तो उतरलाच नाही. आखाजीला तिचा दीर आला, एकटाच, आणि अंगणात उभा राहून रडू लागला.

शालिग्रामने मूठ आपटली ती माझ्यावर. माझा कोपरा तडकला. बरंच झालं, असं मला वाटलं. त्या उन्हात त्याला बांधून ठेवणारी मीच होते ना?

तानुबाईने झोका उतरवला नाही. गल्लीतल्या मुलींना ती त्यावर बसूही देईना. "मुराळी गया नही, मंग पोर कशी यी?" एवढंच म्हणायची. दुपारी वारा सुटला की तो रिकामा झोका हलायचा, आणि दोराची सावली दारातून आत येऊन माझ्या अंगावरून जायची. शालिग्रामने माझ्यावर फडकं टाकलं. फडक्याखालीही मला ती कळायची. मी फार घाबरले होते, मित्रांनो.

अखेर एके दिवशी त्याने फडकं काढलं आणि झोक्यावरची शेवंता काढायला घेतली. पुढच्या कागदावर पाऊल नेमकं कुठे यावं, याची तो सुईने खूण टोचायचा. सुईचं टोक कागदातून माझ्यावर घासायचं. ते ओरखडे तेव्हाचे. झोका पुढे जाण्याचे चोवीस कागद झाले. परत येण्यासाठी त्याने त्याच चित्रांच्या नकला उलट्या क्रमाने लावल्या. गेलेली मुलगी तशीच परत येईल, असा त्याचा हिशेब.

बावन्नच्या आखाजीला त्याने गठ्ठा आईसमोर सोडला. शेवंता पुढे गेली, पदर मागे उडाला. तानुबाई हसली. मग शेवंता मागे येऊ लागली, आणि तानुबाईने गठ्ठा त्याच्या हातातून हिसकून टाकून दिला.

"इले मांगेथून कोन वढी ऱ्हायना?" ती ओरडली. "झोका मांगे येस तवय पदर आंगवर येस रे! इन्हा पदर कोन धरी ठेवेल शे?"

शालिग्राम पांढराफटक पडला. परतीचा पदरही मागेच ताणलेला होता, जणू कुणी त्याला धरून तिला खेचत होतं. जाण्याच्या चित्रांनी त्याने येण्याचंही काम उरकलं होतं. पुन्हा एकदा त्याने कार्डच टाकलं होतं.

मग तो वर्षभर नव्याने बसला. परतीचा एकेक कागद त्याने वेगळा काढला. बैलाची टाप पुन्हा त्याने हातात घेतली नाही. शेठची माणसं दारावरून परत गेली.

पुढच्या आखाजीला तानुबाईने गठ्ठा स्वतःच्या अंगठ्याने सोडला. शेवंता गेली. शेवंता मागे आली, वाऱ्याने पदर तिच्या छातीवर येऊन बसला.

"उनी का व शेवंता?" म्हातारी हळूच म्हणाली. मग उठली, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि लेकासमोर ठेवला. "मुराळी, हातपाय धुई ले. लांबथून उना तू."

तो ढसाढसा रडला. त्या दुपारी गल्लीतल्या मुली झोक्यावर बसल्या.

पुढे तो मला घेऊन धुळ्याला आला. चित्रं चालवायची विद्या त्याने पोरापोरींना शिकवली, लांबलांबची मुलं त्याला शोधत यायची. गेल्या वर्षी तो गेला. भिंतीवर त्याचा फोटो आहे, हार वाळलाय.

मित्रांनो, मला पुसत चला. तडा आहे म्हणून मला बदलू नका. चित्रं मात्र जीव ओतून काढा. पण कुणी बोचकं बांधून तुमची वाट बघत असेल, तर पेन्सिल खाली ठेवा आणि आधी तिकडे जा. टाप उद्याही जुळते.

या खिडकीबाहेर एकही झाड नाही. तरी वैशाखातल्या दुपारी माझ्या अंगावरून दोराची सावली सरकते. आता मी घाबरत नाही. ती जाते, आणि परत येते.