श्वास धरायची सवय

"आलात परत?" खाटेपाशी येत नम्रता सिस्टरनं विचारलं आणि विचारताक्षणी तिला स्वतःचाच राग आला. माणूस काय हौसेनं येतो दवाखान्यात? पण कमळाकरची ही तिसरी खेप. वाफ, ऑक्सिजन, इंजेक्शनं; जरा बरा झाला की गडब गावाला घरी, आणि थोड्याच दिवसांत धापा टाकत पुन्हा पेणला, याच वॉर्डात. त्या खाटेवर त्याच्या नावाची पाटी लावू या, असं वॉर्डबॉय म्हणायचा. नम्रताला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

कारण बोलणी तिला बसत होती. घरी सोडलेला दम्याचा पेशंट महिन्याच्या आत परत येता कामा नये, असं हॉस्पिटलनं यंदा मनावर घेतलं होतं. त्यासाठी सिस्टर लोकांचं ट्रेनिंगसुद्धा झालं. पडद्यावर फुप्फुसांची रंगीत चित्रं, मधल्या सुट्टीत बटाटेवडे, शेवटी ग्रुप फोटो. मग नम्रतानं येऊन वॉर्डातल्या ज्युनियर भाविकाला आणि बाकी पोरींना शिकवायचं आणि पोरींनी पेशंटला. श्वास सोडा, पंप दाबता दाबता आत ओढा, मग धरून ठेवा. सगळ्यांचं तोंडपाठ. राउंडला डॉक्टर विचारत, याला पंप शिकवला होता ना? भाविका म्हणे, शिकवला. नम्रता म्हणे, शिकवला. मग परत कसा आला? आता याला काय उत्तर देणार, कपाळ?

"काका, खरं सांगा. पंप घेता की फळीवर ठेवून देता?"

"घेतो गो बाय. दोन टायमाला, दोन-दोन दाब."

"आणि बिडी?"

"नाय. कवाच सोडली."

उशाशी बसलेली त्याची बायको बायजाबाई त्यावर काही बोलली नाही, म्हणजे ते खरं असावं. पण कारखाना सुटत नाही, एवढं तिनं सांगून टाकलं. कारखाना म्हणजे पेणमधला गणपतीचा. मूर्तींचे डोळे रंगवायचं काम कमळाकर चाळीस वर्षं करत आला होता. तिथली प्लॅस्टरची धूळच त्याच्या छातीत बसली होती. डॉक्टरांनी या वेळी आडपडदा न ठेवता सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर आमच्या हातात काही राहायचं नाही. बायजाबाईनं पदर तोंडाला लावला. कमळाकरला चिंता वेगळीच. गणपती दीड महिन्यावर आलेले, मूर्ती रांगेनं खोळंबलेल्या. "डोळं कोन काढंल?" एवढंच तो म्हणत राहिला. नम्रताचं डोकं फिरलं.

घरी सोडायच्या दिवशी भाविका पुन्हा तीच पोपटपंची करायला लागली आणि कमळाकर पुन्हा तशीच मान डोलवायला लागला. नम्रताला ते बघवेना. "मान नका हलवू. आता माझ्यासमोर घेऊन दाखवा," ती म्हणाली.

त्यानं पंप हलवला, श्वास सोडला, पंप ओठांत धरला, बोट नेमकं ठेवलं. आणि छाती थांबली. पुतळ्यासारखा स्तब्ध होऊन त्यानं पंप दाबला. औषधाचा धूर ओठांच्या कडेनं बाहेर आला आणि हवेत विरून गेला. पुन्हा घ्यायला लावला, पुन्हा तेच.

"अहो काका, दाबताना श्वास ओढायचाय. थांबवता काय?"

"हात हलंल ना."

"हलू दे की."

"कसा हलू देऊ? डोळा बिघडतो."

मग बायजाबाईनंच उलगडून सांगितलं. हातात ब्रश आला की श्वास बंद, नाहीतर रेघ हलते. आता तर सुईत दोरा ओवतानाही तो श्वास धरतो. सवयच लागलीय मेल्याला.

नम्रता शेजारच्या स्टुलावर बसली. तिला त्या ट्रेनिंगचा राग आला, बटाटेवड्यांचा आला, या नंदीबैलाचा तर आलाच, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. इतक्या जणींनी याला शिकवलं आणि एकीनंही बघितलं नाही. पेशंटनं स्वतः करून दाखवल्याशिवाय यापुढे कोणालाही घरी सोडायचं नाही, असं तिनं भाविकाला बजावलं. मग पंप बायजाबाईच्या हातात दिला. दाबायचं तुम्ही, यांनी हात मांडीवर ठेवून नुसतं ओढायचं. ते जमलं. पण आता हात रिकामा, त्यामुळे धरून ठेवायला सांगितल्यावर तो घाईनं सोडून देई. नम्रता वैतागून म्हणाली, "एक डोळा काढायला धरता ना? तेवढा धरा."

तो पहिल्यांदा हसला आणि त्यानं धरला.

त्यानंतर कमळाकर आला नाही. महिना उलटला तसा वॉर्डात सगळ्यांना आनंद झाला, नम्रताला मात्र धाकधूक लागली. दम्याचा माणूस बरा झाला म्हणून येत नाही, तसाच दुसऱ्याही कारणानं येत नाही. चतुर्थी चार दिवसांवर असताना रोह्याला घरी जाता जाता ती गडबला एसटीतून उतरली.

कमळाकर पडवीत बसला होता. चेहऱ्यावर तकतकी होती. कारखाना सोडला, म्हणाला. मालकानं दुसरा माणूस आणला. डोळे बरे काढतो का, असं नम्रतानं विचारलं तर त्यानं हनुवटीनं रस्ता दाखवला. टेम्पोतून मूर्ती चालल्या होत्या.

"डोळं बघत नाय मी त्यांचं," तो म्हणाला.

पंपाची वेळ झाली होती. बायजाबाईनं दाबला, त्यानं सावकाश आत ओढला आणि डोळे मिटून धरला. मांडीवरचं बोट हललं. धोतरावर पापणीची वरची रेघ, मग खालची, मग कोपरा. रेघ कुठे हलली नाही. बोट उचललं तेव्हाच त्यानं श्वास सोडला.

बायजाबाई थोडी थांबली. मग तिनं पंप पुन्हा त्याच्या ओठांशी नेला. दुसरा डोळा राहिला होता.