चारशे सहा नंबरचा बग

चारशे सहा नंबरचा बग मी दोनदा उघडला आणि फटाफटने तो दोनदा बंद केला. फटाफट म्हणजे आमचा प्रोग्रामर. हे नाव मीच ठेवलंय, आणि कौतुकानं नाही. कोड लिहून झाला रे झाला की हा चुकांच्या यादीत जाऊन बगपुढे 'बंद' अशी खूण करतो आणि चहाला पळतो.

बग तसा साधा. आमचं सॉफ्टवेअर डोळ्यांच्या एका हॉस्पिटलात चालतं. तिथे पेशंटची वेळ बदलली तरी मोबाईलवर मेसेज जुन्याच वेळेचा जायचा. माझे बाबा त्याच हॉस्पिटलात जातात. उजव्या डोळ्याला दर महिन्याला इंजेक्शन. ते लांबलं तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय.

"दुरुस्त झालाय ना? मग उघडा कशाला ठेवायचा?" फटाफट म्हणाला.

"तुझ्या मशीनवर झालाय. हॉस्पिटलात पोचू दे, मी तपासते, मग बंद कर."

"तोवर माझ्या नावावर दिसतो तो."

खरं दुखणं हे. कुणाच्या नावावर किती बग उघडे, ते मॅनेजरसाहेब दर शुक्रवारी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतात. मी साहेबांकडे गेले, तर म्हणाले, "तुम्ही टेस्टर लोक उगाच कीस काढता." मग मीही हात टेकले. मरू दे म्हटलं, आणि तिसऱ्यांदा उघडला नाही.

महिनाअखेरीला हॉस्पिटलात नवी आवृत्ती गेली. ती तयार करणाऱ्या ताई फक्त उघड्या यादीतल्या दुरुस्त्या उचलतात. बंद म्हणजे पोचलेलं, असं त्या धरून चालतात. फटाफटचं काही राहिलंय का, ते त्याला तोंडी विचारून घेतात. त्या दिवशी तो रजेवर होता. चारशे सहाची दुरुस्ती राहिली ती राहिलीच.

आज दुपारी बाबांचा फोन आला. ते अकराला गेले होते. वेळ बदलून आठची झाली होती. आता पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

मी तडक फटाफटच्या टेबलाशी गेले. त्यानं यादी उघडून बघितली. "पण तो तर बंद आहे," म्हणाला. मी त्याचा माऊस ओढून घेतला आणि तो परत उघडायला गेले. साहेब मागून म्हणाले, "जुना उघडू नका, नवा टाका. नाहीतर मागच्या महिन्याचा आकडा बिघडतो."

जिन्यात जाऊन मी बाबांना परत फोन लावला.

"बाबा, वेळ बदलल्याचं तुम्हाला हॉस्पिटलात कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं की. नर्सबाईंनी चिठ्ठीवर आठ लिहून दिलं होतं. पण मग तुमचा मेसेज आला, अकराचा. म्हटलं, नर्सबाईच चुकल्या असतील. हे तर आमच्या पोरीनं तपासलेलं असणार."