सोळावं मेहूण

सोळा सोमवारांचं उद्यापन, पंधरा मेहुणं पाटावर बसलेली, आणि सोळाव्याचा दिग्रसहून फोन.

"वहिनी, तीन दिवस झाले, खरेदी केंद्रावरची कापसाच्या गाड्यांची रांग हलूनच नाही राह्यली. आम्ही दोघंही गाडीपाशीच अडकून आहो, आमचं काही येणं होत नाही."

धाकट्या दिरांचा आवाज इतका दमलेला, की सुमेधाताईंना रागावताही येईना. गुरुजी घड्याळ बघत होते. सोळावं जोडपं जेवल्याशिवाय व्रत पुरं होणार नव्हतं.

ताईंच्या यजमानांनी, मधुसूदनरावांनी, बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. तिथे लेक केतकी दोन गोऱ्या पाहुण्यांशी बोलत बसली होती. ते इंग्लंडहून कापसाच्या संकटावर लिहायला आलेले, ही त्यांची दुभाषी.

"हे काय, आयतं मेहूण! नवराबायको आहेत, भूकही लागली असंन."

"अहो, काहीतरीच! ना कूळ ठाऊक, ना गाव."

गाव विचारल्याशिवाय व्रताच्या पंगतीला कुणाला बसवायचं नाही, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

"मंग विचार की! तोंड कायले दिलं देवानं?"

ताईंनी पदर सावरून, केतकीकरवी, हळूच विचारलं. आठ दिवस साऱ्या जिल्ह्याला प्रश्न विचारत हिंडणारे नेव्हिलसाहेब स्वतःवर प्रश्न आल्यावर गडबडले. मग खुलले. नेव्हिल हे मुळात गावाचंच नाव, फ्रान्समधल्या नॉर्मंडी मुलखातलं. साडेनऊशे वर्षांपूर्वी तिथल्या सरदारानं इंग्लंड जिंकलं, त्याच्यामागून आलेल्या घराण्यांनी आपापल्या गावांची नावं लावली. अर्थ म्हणाल तर, नवं गाव.

"अगबाई, म्हणजे नवेगावकर!" ताईंचा चेहरा उजळला. "जाता ना गावी अधूनमधून?"

"एकदा गेले होते म्हणतात. कुणी ओळखलंच नाही," केतकी हसत म्हणाली. "आणि बाबा, ते विचारतायत, तुमचं केळापूर किती लांब?"

"एसटीनं दोन तास."

"मग नेहमी जात असाल?"

मधुसूदनराव केळापूरकर पंख्याकडे बघू लागले. बावीस वर्षं झाली होती.

"बसा, नवेगावकर," ताईंनी पाट मांडला.

नेव्हिलबाईंनी कुंकू लावून घेतलं, साहेबांनी चुरमा दोनदा मागून घेतला. व्रत पुरं झालं.

पाहुण्यांची जीप दुपारी दिग्रसलाच निघणार होती. ताईंनी चार पुडाचा डबा साहेबांच्या हातात दिला.

"रांगेत आमचे भाऊजी सापडतील. केळापूरकर म्हणून विचारा. आणि हे बघा, आधी दोघांना जेवू द्या. तुमचे प्रश्न मग."