करुणाची झोप

झोपेतून उठली की करुणा दोन्ही हात पसरायची, मान खाली टाकायची, सैल पडायची आणि पुन्हा तेच. "बघा, पोरगी जयभीम घालती!" म्हणत मुक्ताबाईंनी नातीचं कौतुक शेजारपाजाऱ्यांनाही दाखवलं. सगळे हसले. करुणाची आई विशाखाही हसली. पण सहा महिन्यांची लेक हळूहळू हसेनाशी झाली, खुळखुळ्याकडं बघेनाशी झाली, तेव्हा विशाखानं मोबाइलवर तो प्रकार टिपून डॉक्टरीणबाईंना दाखवला.

"हे झटके आहेत," त्या म्हणाल्या.

एमआरआय झाला. आता झोपेत मेंदूच्या लहरींची नोंद घेणारा ईईजी काढायचा होता, म्हणजे बाळाला पहाटेपासून जागं ठेवून आणायचं. तसंही घरात झोप कुणाची राहिली होती? करुणाचा डोळा लागतो न लागतो तोच ती किरकिरत उठायची, तिच्यामागं सगळं घर.

नवरा अभय कंपनीत पाळीला गेला आणि सासू-सुना पडेगावहून रिक्षानं निघाल्या. हेलकाव्यांनी पोरीचे डोळे मिटू लागले. विशाखानं तळपायाला गुदगुल्या केल्या, तोंडावरून ओला रुमाल फिरवला. करुणा किंचाळून रडली.

"ताई, झोपू द्या ना लेकराला," रिक्षावाल्याला राहवेना.

विशाखानं रुमाल पुन्हा ओला केला.

दवाखान्यात डोक्याला वायरी चिकटवून होईपर्यंत करुणा आईच्या मांडीवर गाढ झोपली. विशाखाचीही मान कलली.

"आता उठवा तिला," मशीनवरची सायली हळूच म्हणाली. "झटके उठतानाच येतात ना, ते नोंदवायचेत."

विशाखा लेकीच्या गालाकडं बघत राहिली. सकाळभर जिला झोपू दिलं नाही, तिला आता झोपेतून ओढून काढायचं. हात उचलेना.

"सरक," मुक्ताबाई म्हणाल्या आणि त्यांनीच नातीचे कान चोळले. करुणा जागी झाली. हात पसरले, मान पडली. पुन्हा. पुन्हा. मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"झोपेतही मेंदूतल्या लहरी सैरभैर आहेत," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "डावीकडचा थोडा भाग पोटात असतानाच वेगळा घडलाय."

"आमचं काय चुकलं व्हय? मी तर हसत होते तिला."

"कुणाचंच चुकलं नाही, आजी. पण औषध आजच सुरू करायचं."

औषधानं करुणाचं तोंड सुजलं, चिडचिड वाढली. मग झटके विरळ झाले आणि थांबले. ते पुन्हा येऊ शकतात, बसणं-बोलणं उशिरा होईल, किती ते आज सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं.

एका दुपारी करुणा शांतपणे उठली. बराच वेळ आईच्या वेणीकडं बघत राहिली आणि मग तिनं ती मुठीत धरून ओढली.

"आत्या, लवकर या!" विशाखानं सासूला हाक मारली.

मुक्ताबाई ओल्या हातानंच आल्या. बघत उभ्या राहिल्या.

"दे तिला हिकडं," त्या म्हणाल्या. "अन् तू पड जरा. लई दिवस झाले."

विशाखा होती तिथंच फरशीवर आडवी झाली. उशी घ्यायलाही उठली नाही.