जिन्याखालचा नळ

जिना मधेच संपला.

तिनं तो उचलला, बुडाला चिकटलेला गोंदाचा थेंब नखानं काढला आणि पुन्हा जागेवर ठेवला. पुन्हा तेच. वाचनालयाच्या मॉडेलमधला वरचा मजला सहा सेंटिमीटरवर होता आणि जिना चारावरच थांबला होता. खऱ्या इमारतीत या दोन सेंटिमीटरांचा चांगला एक मीटर झाला असता. म्हणजे पुस्तक घ्यायला वर निघालेला माणूस शेवटच्या पायरीवर पोचणार आणि समोर कमरेच्याही वर भिंत. आता काय, उडी मारायची?

"अठरा, एकोणीस, वीस," ती सुईच्या टोकानं पायऱ्या मोजत होती. वीसच्या वीस होत्या. पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून जिना करायचा, प्रत्येक पट्टीची जाडी म्हणजे एका पायरीची उंची, इतका सरळ हिशेब होता. तीन मिलिमीटरच्या वीस पट्ट्या म्हणजे सहा सेंटिमीटर. यात चुकायला जागाच नव्हती.

तिनं उरलेल्या पुठ्ठ्याच्या कडेला पट्टी लावली. दोन मिलिमीटर. दुसऱ्या कडेला लावली. तिथंही दोनच. मग गेले तीन दिवस कापताना हात कसा लोण्यातून गेल्यासारखा चालला होता ते तिच्या ध्यानात आलं. तो नव्या पात्याचा गुण समजून ती खूश झाली होती.

सव्वानऊ वाजले होते. तिची ज्युरी, म्हणजे आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा, दोन वाजता.

मुलगी झोपेल तेव्हा कापायचं, उठेल तेव्हा झाकून ठेवायचं, असा तो जिना तीन दुपारींत तुकड्यातुकड्यानं झाला होता. इस्त्रीच्या वजनाखाली वाळत पडलेला तो आज सकाळी पहिल्यांदा मॉडेलमध्ये बसायला आला होता.

"आई," तिनं हाक मारली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "पुठ्ठा आणलात ना त्या दिवशी, तो दुकानदारानं कितीचा दिला?"

सासूबाई मांडीवर नातीला घेऊन केळं भरवत होत्या. नातीचं घरातलं नाव मुंगी, कारण ती एका जागी थांबत नसे आणि जमिनीवर पडलेलं काहीही तोंडात घालत असे. सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"का गं?"

"मी चिठ्ठीवर तीन लिहिलं होतं. हा दोनचा आहे. त्या दुकानदाराला ना, आता..."

"त्याला काही बोलू नकोस. त्यानं तीनचाच काढला होता." सासूबाईंनी केळ्याची साल ताटलीत ठेवली. "मीच म्हटलं, याच्याहून पातळ दाखव. रंग तोच, पोत तोच. मला वाटलं, पुठ्ठा तो पुठ्ठा."

"पण का?"

"अंगठा बघ तुझा."

तिनं बघितला नाही. बघायची गरजच नव्हती. डाव्या अंगठ्याला जखमेवरच्या दोन पट्ट्या होत्या आणि उजव्या तर्जनीच्या पेरावर पात्यानं पाडलेला घट्टा. जाड पुठ्ठ्यावर सात-आठदा पातं ओढल्याशिवाय तो सुटत नाही, आणि शेवटच्या ओढीला हमखास हात सटकतो.

तिला ओरडावंसं वाटलं. शेवटच्या वर्षाला असताना मुंगीची चाहूल लागली आणि शिक्षण सुटलं ते दोन वर्षं. परत घेताना कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं, ही एकच संधी, यात नाही जमलं तर अख्खं वर्ष पहिल्यापासून. आता वर्गात सगळे तिच्याहून लहान, सगळे तिला वहिनी म्हणत. डिझाइन शिकवणारे सर, तेसुद्धा एकदा चुकून वहिनी म्हणून गेले होते. ओरडायला कारण भरपूर होतं.

पण समोर ज्या बसल्या होत्या त्यांनी निवृत्तीला दोन वर्षं असताना नोकरी सोडली होती. एका सात मजली ऑफिसच्या इमारतीतले जिने त्यांनी अठ्ठावीस वर्षं पुसले होते. सून परत कॉलेजला जाणार म्हटल्यावर एके दिवशी जेवताना सहज म्हणाल्या होत्या, "मी सोडते. माझे गुडघेही कुरकुरतात. मुंगीला मी बघीन." गुडघ्यांचं कारण खरं होतं. पण ते पहिल्यांदा त्या दिवशी निघालं होतं.

"मी घालवलं का सगळं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"नाही हो." ती जमिनीवरच बसली. "तीनचा पुठ्ठा आणायचा, वीस पट्ट्या कापायच्या, वाळवायच्या... वाळायलाच वेळ नाही. बाराला तुमचा मुलगा टॅक्सी घेऊन येणार. जिन्याखाली दोन सेंटिमीटरचा ओटा घालते. पहिली पायरीच एक मीटरची. ज्युरीला सांगते, उंच माणसांचं वाचनालय आहे."

सासूबाई हसल्या नाहीत. मुंगीला खाली सोडून त्या गुडघ्यावर हात रोवत मॉडेलपाशी आल्या आणि मोठ्या कष्टानं शेजारी बसल्या. एरवी त्या मॉडेलला हात लावत नसत. परक्याच्या घरातली काचेची वस्तू असावी तसं लांबून बघत. आज त्यांनी दोन बोटं जिन्यावर ठेवली आणि एकेक पायरी चढवत नेली. तर्जनी, मधलं बोट. तर्जनी, मधलं बोट.

"याची एक पायरी खरी केवढी व्हायची?"

"आता? दहा सेंटिमीटर. हवी होती पंधरा."

"का हवी होती?"

"पुस्तकात तशी आहे, आई."

"आमच्या इमारतीला दोन जिने होते," सासूबाई बोटांकडे बघत म्हणाल्या. "मागचा पुस्तकातला असेल. तो उतरताना बादली प्रत्येक पायरीला नडगीवर आपटायची. पुढचा जुना, अशाच बुटक्या पायऱ्यांचा. म्हातारीकोतारी सगळी लिफ्ट सोडून तिथून जायची. पुसायला वेळ लागायचा, पायऱ्या जास्त ना. पण संध्याकाळी पाय आपले असायचे." त्यांची बोटं विसाव्या पायरीवर थांबली. "कमी पडतात तर आणखी घाल की. उंच कशाला करतेस?"

"दहा जास्त लागतील. पुढं भिंत आहे, जागाच..."

ती बोलता बोलता थांबली. भिंत होती खरी. पण डावीकडं वळता येत होतं. विसाव्या पायरीवर एक सपाट थांबा, तिथं पश्चिमेची खिडकी, आणि तिथून वळून उरलेल्या दहा. वरची पुस्तकांची दोन कपाटं उखडावी लागतील. वरच्या फरशीला नवीन भोक पाडावं लागेल. पुठ्ठ्याचा अख्खा एक ताव शिल्लक होता, दोन मिलिमीटरचा.

"आई, मुंगीला धरा," ती म्हणाली आणि पातं बदललं.

पुढचे दोन तास ती कापत होती, सासूबाई पट्ट्यांना गोंद लावून देत होत्या आणि एका पायानं मुंगीला अडवून धरत होत्या. मुंगीला पुठ्ठ्याच्या कपच्या दिल्या होत्या. त्यातल्या किती पोटात गेल्या कुणी मोजलं नाही. थांबा चार बारीक काड्यांवर उभा राहिला. त्याच्याखाली चार सेंटिमीटरची मोकळी जागा राहिली.

"इथं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. रिकामी. दोन मीटर उंची आहे, बाकडं ठेवता येईल."

"नळ ठेव."

"काय?"

"नळ गं. आणि बादली, फडकं ठेवायला एक कोनाडा. मघापासून बघतेय, एवढं मोठं वाचनालय काढलंस, खुर्च्या काढल्यास, झाडं काढलीस. पुसणारी पाणी कुठून घेणार? आम्ही तळमजल्यावरनं सातव्यावर बादली न्यायचो. निम्मं पाणी जिन्यावर सांडायचं, आणि तेच परत पुसायचं." त्या थोडं हसल्या. "दोन मीटर म्हणजे माझ्यासारखी उभी राहील ताठ."

तिनं टाचणी घेऊन पकडीनं वाकवली आणि भिंतीत रोवली. नळ झाला. सासूबाईंनी लगबगीनं टूथपेस्टचं टोपण आणून खाली ठेवलं.

"ही बादली."

"आई, या मापात हा हौद झाला. चार माणसं आंघोळीला बसतील."

आता मात्र दोघी हसल्या, आणि मग हसू थांबेना, कारण मुंगीही काही न कळता टाळ्या वाजवायला लागली. शेवटी मुंगीच्या तुटलेल्या माळेतला एक मणी बादली म्हणून बसला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिचा नंबर आला.

ज्युरीला तिघं होते. त्यांतले दोघं कॉलेजचे, आणि तिसऱ्या बाहेरून बोलावलेल्या एक वयस्क बाई, पांढरे केस बारीक कापलेल्या, हातात काठी. चाळीस वर्षं इमारती बांधत आल्या होत्या आणि त्यांनी सकाळपासून दोघांना रडवलं होतं, असं बाहेर बाकावर बोललं जात होतं. शेजारच्या मुलीनं कानात सांगितलं होतं, "वहिनी, काही झालं तरी चूक म्हणायचं नाही. कन्सेप्ट म्हणायचं. चुकीला कन्सेप्ट म्हटलं की मार्क मिळतात."

बाईंनी आधी स्वच्छतागृहाच्या दारावरून तिला झापलं. मग वाऱ्याच्या दिशेवरून. मग त्या वाकल्या, खिशातली छोटी पट्टी काढून जिन्याला लावली आणि भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. नकाशावर तिनं घाईघाईनं पारदर्शक कागद टाचून पेन्सिलीनं नवा जिना काढला होता. खालचा शाईतला जुना जिना त्यातून दिसत होता.

"नकाशात पंधरा. इथं दहा. जिना वळलाय. हे कधी ठरलं?"

कन्सेप्ट, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आज सकाळी," ती म्हणाली. "पुठ्ठा चुकीचा आला, मॅडम. पातळ आला. जिना वर पोचेना."

तिच्या सरांनी कपाळाला हात लावला. मागून कुणीतरी हळूच खोकलं.

"मग जाड पुठ्ठा आणायचा."

"आणता आला असता कदाचित. पण ज्यांनी पुठ्ठा आणला होता त्यांनी बोटांनी चढून बघितलं आणि म्हणाल्या, हाच बरा आहे. त्यांनी अठ्ठावीस वर्षं जिने पुसलेत." तिनं वळलेल्या पायऱ्यांकडं बोट केलं. "मी पाच वर्षं जिने काढलेत. मला त्यांचं खरं वाटलं."

बाई आणखी जवळ सरकल्या. त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पायरीवर ठेवली आणि चढायला लागल्या. थांब्यावर बोटं थांबली. खिडकी बघितली. मग त्यांची नजर खाली गेली.

"हे काय?"

"नळ. आणि ती बादली."

"हेही त्यांचंच?"

"हो."

"माझी पहिली इमारत," बाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "बक्षीस मिळालं होतं तिला. उद्घाटनानंतर महिन्याभरानं गेले तर झाडणारी बाई शेजारच्या इमारतीतून बादल्या आणत होती. नळच ठेवला नव्हता मी. ती मला म्हणाली, इमारत फार छान आहे हो." त्यांनी पट्टी खिशात टाकली. "इतकं लागेल असं मला त्यानंतर कुणी बोललेलं नाही."

मग काठी उचलून एकदम पूर्वीच्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आठ दिवसांत नकाशे शाईत बदलून द्या. स्वच्छतागृहाचं दार फिरवा. पुढचा कोण?"

तिला कळेना. ती तशीच उभी राहिली. शेवटी सर तिच्या कोपराला धरून बाजूला घेत म्हणाले, "अहो वहिनी, पास झालात. सरका आता, पुढच्याला येऊ द्या."

बाहेर येऊन ती पहिल्या बाकावर बसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मॉडेल मांडीवर घेऊन ती टॅक्सीनं घरी आली. सासूबाई दारातच उभ्या होत्या, मुंगी खांद्यावर झोपलेली. सून काही बोलायच्या आतच त्यांनी तिच्या चेहऱ्यावर वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"दार फिरवायचंय एक," ती म्हणाली. "बाकी झालं, आई. झालं."

"बरं झालं. बरं झालं बाई." मग जरा वेळानं, मुंगीला अंथरुणावर ठेवताना, आवाज हलका करून, "नळ पाहिला का कुणी?"

"पाहिला. बाई नळापाशीच थांबल्या."

सासूबाईंनी मान हलवली, जणू हे अपेक्षितच होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. ती चहाची वाट बघत भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला असावा, कारण पुन्हा बघितलं तेव्हा सासूबाई मॉडेलसमोर बसल्या होत्या. हातात मऊ कोरड्या फडक्याचं टोक होतं, बोटाभोवती गुंडाळलेलं.

"राहू द्या ना आई, आता कुणी बघणार नाही."

"टॅक्सीतली धूळ बसलीय."

वरून खाली, त्यांच्या सवयीप्रमाणं, त्या एकेक पायरी पुसत आल्या. कोपऱ्यांत बोट वळवून, काठ सोडून न देता. दहा झाल्यावर थांब्याशी खिडकीजवळ हात टेकला, दम घेतला. मग उरलेल्या वीस. शेवटची पायरी झाल्यावर त्यांनी वाकून थांब्याखाली पाहिलं, मण्याची बादली सरळ केली, आणि टाचणीचा नळ दोन बोटांत धरून नीट बंद केला.